दूधग्रंथीच कमी असल्या तर? (आणि रविवारी बारसं आहे)

नवी_बाळंतीण | सोमवार, रात्री २:५०

बाळ आत्ता झोपलंय, मी जागी आहे, म्हणून लिहायला घेतलं. पहिलंच बाळ, मुलगी, उद्या सव्वा महिन्याची होईल. माहेरी आहे, जुळे सोलापूरला.

जन्माचं वजन २.९ किलो. बाराव्या दिवशी काट्यावर ठेवली तर २.५५. त्याआधी ती दिवसरात्र छातीशीच असायची, सोडली की रडायची. घरी सगळ्यांचं मत पडलं की पोटात दुखत असेल. पाचव्या दिवशी लंगोटावर विटकरी डाग दिसला, तेव्हा आईला वाटलं कुंकवाचं बोट लागलं असेल. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि म्हणाले, "आधी बाळाच्या पोटात दूध जाऊ दे, कारण नंतर शोधू." त्या दिवसापासून वरचं दूध चालू आहे. आता ३.४ किलो आहे.

कारण नंतर सापडलं. थायरॉइड ठीक, सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) अडकलेली नाही, हिमोग्लोबिन बरं. मग स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं. दोन्ही स्तनांमधलं अंतर जास्त, एक बाजू बरीच लहान, आकार लांबट. त्यांनी विचारलं, "गरोदरपणात ब्लाउजचं माप बदललं होतं का?" नव्हतं बदललं. मला तर तेव्हा आनंदच झाला होता, शिलाई वाचली म्हणून. दूध उतरताना छाती जड होते, ठणकते म्हणतात, तेही मला कधी झालं नाही. त्या म्हणाल्या, दूधग्रंथींची वाढच अपुरी आहे. वैद्यकीय नाव हायपोप्लासिया.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, खसखस, शेपू, लसूण, सगळं खाऊन झालं. माझं वजन चार किलोनं वाढलं. पंप केला की दोन्ही बाजू मिळून १५-२० मिली, दिवसाचं सगळं धरून १५० च्या आसपास.

दोन प्रश्न आहेत. असं कुणाचं झालंय का, आणि तुम्ही किती दिवस रेटलंत? दुसरा प्रश्न जास्त टोचतोय. रविवारी बारसं आहे, साठ-सत्तर माणसं येतील. आई म्हणते, "आतल्या खोलीत नेऊन पाज, कुणाला कळायचं नाही." लपवायचं म्हटलं की राग येतो, आणि न लपवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

---

काकू_विजापूररोड | सोमवार, सकाळी ६:१५

बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. दूध मनावर असतं. तू घाबरलीस की आटणारच. सारखं छातीशी धर, पंप-बिंप बंद कर, बाटली तर फेकूनच दे. एकदा बाळाला बाटलीची चटक लागली की ते लुचत नाही. आमच्या काळी कुठे होती पावडर? देवानं बाळ दिलं म्हणजे पान्हाही दिलेलाच असतो.

---

कडकभाकरी | सोमवार, सकाळी ७:४०

ताई, टेन्शन कशाला घेऊलालाव. आमच्या घरी अळिवाचे लाडू मीच खाल्ले, बायकोला आवडत नव्हते. दूध मलाही आलं नाही. 😀

---

नीरजा_१२ | सोमवार, सकाळी ८:०५

काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "बाटली फेकून दे" हे ज्या बाळाचं वजन साडेतीनशे ग्रॅमनी उतरलं होतं त्याच्या आईला सांगताय. २.९ वर ०.३५ म्हणजे बारा टक्के. धागा पुन्हा वाचा.

---

बालरोगवाला | सोमवार, दुपारी १:२०

ओपीडी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

काकूंचा सल्ला दहातल्या बहुतेक जणींसाठी बरोबर आहे, हे आधी सांगतो. "दूध पुरत नाही" म्हणून येणाऱ्या बहुतेक आयांना ग्रंथींचा त्रास नसतोच. बाळ नीट तोंडात धरत नाही, घड्याळ लावून पाजलं जातं, दुसऱ्याच दिवशी कुणीतरी वरचं दूध सुरू करतं. तिथे बाळाला जवळ घेणं, पकड सुधारणं आणि वारंवार पाजणं एवढ्यानं भागतं. छाती जितकी रिकामी होते तितकं दूध जास्त बनतं.

पण त्यासाठी बनवणारी यंत्रणा असावी लागते. दूधग्रंथी वयात येताना आणि मग गरोदरपणात वाढतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम उतरतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येतं. ज्यांच्यात या ग्रंथींची ऊतीच कमी तयार झाली, त्यांच्यात हार्मोन ठीक, बाळ ठीक, आईची इच्छा शंभर टक्के, तरी दूध एका मर्यादेपुढे जात नाही. याचा छातीच्या आकाराशी थेट संबंध नाही. आकार बराचसा चरबीवर ठरतो. लहान छातीच्या कितीतरी जणी जुळ्यांना पाजतात, आणि भरल्या अंगाच्या बाईतही ग्रंथी कमी असू शकतात. नुसतं बघून निदान करू नये, पण अंतर, दोन बाजूंतला फरक, गरोदरपणात न झालेला बदल आणि चौथ्या दिवसापर्यंत न जाणवलेला भार हे सगळं एकत्र आलं की शंका घ्यायची. बाईंनी थायरॉइड आणि वार आधी बघितली ते योग्यच केलं. ती कारणं दुरुस्त होतात.

आता हिशेब. या वयात बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली लागतं. ३.४ किलोला झालं ५१० मिली. तुमचं येतंय १५०, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. आणि बाळ थेट ओढतं तेव्हा पंपापेक्षा बहुधा जास्तच काढतं. बाराव्या दिवसापासून आत्तापर्यंत ८५० ग्रॅम वाढ म्हणजे रोज पस्तीस ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २५-३० मिळाले तरी आम्ही खूश असतो.

इतरांसाठी: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले हवेत, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. पहिले एक-दोन दिवस विटकरी डाग चालतो. पाचव्या दिवशी दिसला तर बाळाला घेऊन वजनकाट्याकडे.

---

पूर्वभाग | सोमवार, दुपारी २:१०

डॉक्टर, आमच्या भाषेत सांगू का? सूत कितीही आणा, कामगार रात्रपाळीला बसवा, शेडमध्ये मागच दोन असतील तर चादरी दोन मागांच्याच निघणार.

---

बालरोगवाला | सोमवार, दुपारी २:१४

@पूर्वभाग, उद्यापासून ओपीडीत हेच सांगणार.

---

अक्कलकोट_एक्सप्रेस | सोमवार, दुपारी ३:३०

माझ्या वहिनीला मेडिकलवाल्यानं डोमपेरिडोन दिलं होतं. उलटीचीच गोळी, पण दूध वाढतं म्हणे. घेऊन बघा.

---

बालरोगवाला | सोमवार, दुपारी ३:५२

मेडिकलवाल्याकडून नाही. ते प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, वाढवतं हे खरं, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. कुणाला कुठला हृदयाचा त्रास आहे, सोबत कुठली औषधं चालू आहेत हे बघून डॉक्टरनीच ठरवायचं. आणि @पूर्वभाग यांच्या शेडमध्ये ते रात्रपाळी वाढवतं, माग वाढवत नाही.

---

उन्हाळी_पाऊस | सोमवार, रात्री ९:४५

मी. हेच. दोन वेळा.

पहिल्याच्या वेळी निदान व्हायला सात आठवडे गेले. सासूबाई वाईट नव्हत्या, पण रोज सकाळी माझ्या छातीकडे बघून "आज आलं का गं?" विचारायच्या, जसं नळाला पाणी आलं का विचारतात. आमच्याकडे नळही चार दिवसांआडच.

मी दिवसाला आठ वेळा पंप करायची. त्या यंत्राच्या आवाजात शब्द ऐकू यायला लागले होते. कमी-आहे, कमी-आहे, कमी-आहे. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "मला तर 'चहा-ठेव, चहा-ठेव' ऐकू येतंय."

मला उपयोग झाला तो नळीचा. सप्लिमेंटर म्हणतात. वरचं दूध एका डब्यात, त्यातून बारीक नळी, तिचं टोक स्तनाग्राजवळ चिकटपट्टीनं लावायचं. बाळ छातीलाच ओढतं, पण तोंडात दोन्हीकडचं दूध येतं. बाळ छातीवर चिडत नाही आणि चोखल्यामुळे आपलं जे काही आहे ते चालू राहतं. पहिल्यांदा लावायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागली. आठवड्यानं मी अंधारात एका हातानं लावायला लागले. त्रास एकच, नळी दर वेळी लगेच धुवावी लागते, दूध वाळलं की संपलं. ती बसवायला मात्र जाणकाराकडून शिका, यूट्यूबवर बघून नको.

चार महिने केलं. मग पंप माळ्यावर टाकला आणि सकाळ-रात्र दोनदाच छातीशी घ्यायची, बाकी वरचं. तो वर्षाचा होईपर्यंत झोपताना प्यायचा. किती प्यायचा, मोजलं नाही.

दुसरीच्या वेळी दूध जास्त होतं, साधारण निम्मं. दर गरोदरपणात ग्रंथी थोड्या वाढू शकतात असं डॉक्टर म्हणाल्या. माझ्या बाबतीत तसं झालं. पण खरा फरक हा की या वेळी आधीच माहीत होतं. बाळंत व्हायच्या आधीच दवाखान्यात सांगून ठेवलं, दर दोन दिवसांनी वजन केलं, आणि सातव्या दिवशी वरचं दूध सुरू केलं तेव्हा मी रडले नाही.

---

नवी_बाळंतीण | सोमवार, रात्री ११:३०

@उन्हाळी_पाऊस, माझा पंप "सोड-ना, सोड-ना" म्हणतो. मला वाटलं मलाच वेड लागलंय.

---

काकू_विजापूररोड | मंगळवार, सकाळी ६:३०

डॉक्टरांचं खरं असेल. पण मग पावडरच कशाला? गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्यावं. किंवा शेळीचं, हलकं असतं. गांधीजीही शेळीचंच प्यायचे. आणि पावडरीवर तर सरकारची बंदी आहे ना?

---

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ७:१५

काकू, गांधीजी तेव्हा सव्वा महिन्याचे नव्हते.

---

बालरोगवाला | मंगळवार, सकाळी ८:३०

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं नको. प्रथिनं आणि क्षार जास्त, बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, आणि लोह कमी. पाणी घातलं की क्षार उतरतात, पण ताकदही उतरते. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी, त्यानं वेगळाच रक्तक्षय होतो.

पावडरीचं माप डब्यावर दिलंय तेच. डबा पुरवायचा म्हणून पातळ करणारी घरं मी दर आठवड्याला बघतो, आणि "अंगाला लागावं" म्हणून घट्ट करणारीही. दोन्ही चूक. पाणी उकळलेलं, आणि पावडर टाकताना निदान ७० अंश गरम असावं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग कोमट करून द्यायचं. उरलेलं ठेवायचं नाही.

---

कोर्टरोड | मंगळवार, सकाळी १०:००

कायद्याचं मी सांगते. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो कडक केला. बंदी आहे ती जाहिरातीवर, फुकट नमुने वाटण्यावर आणि दवाखान्यांमार्फत खपवण्यावर. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा आहार त्यात येतो. म्हणून डब्यावर गुबगुबीत बाळाचा फोटो नसतो आणि "आईचं दूध सर्वोत्तम" असं लिहिलेलं असतं. विकायला, घ्यायला, पाजायला बंदी नाही. गरज असलेल्या आईनं डबा काळ्या पिशवीत घालून आणायची काही गरज नाही.

---

नवी_बाळंतीण | मंगळवार, सकाळी १०:२५

आमचा डबा काळ्या पिशवीतच येतो. बाबा आणतात.

---

मुंबईहून_माहेरी | मंगळवार, दुपारी १२:४०

मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध मिळत नाही का? मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात १९८९ मध्ये सुरू झाली, आशियातली पहिली.

---

बालरोगवाला | मंगळवार, दुपारी १:०५

ते दूध कमी दिवसांच्या आणि अतिदक्षता विभागातल्या बाळांना आधी जातं, तेही पुरत नाही. रोज पस्तीस ग्रॅम वाढणाऱ्या सुदृढ मुलीला मी रांगेत उभं करणार नाही. आणि नात्यातल्या, शेजारच्या बाईचं थेट पाजायचा विचार असेल तर आधी तिच्या एचआयव्हीसकट तपासण्या. हे बोलायला अवघड असतं, म्हणून मीच बोलून टाकतो.

---

पूर्वभाग | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

शेजारच्या बाईवरून. माझी अव्वा (आजी) विड्या वळायची, साखर पेठेत. तिला सात मुलं. काल हा धागा तिला तेलुगूत वाचून दाखवला. म्हणाली, त्यांच्या वाड्यात एक बाई होती, तिला कधीच दूध यायचं नाही. अव्वा स्वतःच्या मुलाबरोबर तिच्याही मुलाला पाजायची. दुपारी विड्यांचं सूप मांडीवरून बाजूला ठेवायचं, दोन्ही बाजूंना दोन पोरं. त्या बाईची आधीची दोन गेली होती. मी विचारलं कशानं, तर अव्वा म्हणाली, "वाळली."

"आमच्या काळी पावडर नव्हती तरी मुलं जगली" असं म्हणतात त्यांना एवढंच सांगायचंय की जी जगली त्यांचीच नातवंडं इथे लिहितायत.

---

नीरजा_१२ | मंगळवार, संध्याकाळी ७:३१

+१. पुढे काही लिहवत नाही.

---

काकू_विजापूररोड | मंगळवार, रात्री १०:१०

माझ्या धाकट्या जावेचं पहिलं असंच गेलं. अठरा-एकोणीस दिवसांचं. दृष्ट लागली म्हणाले, बाहेरचं झालं म्हणाले. ती नंतर वर्षभर कुणाशी बोलली नाही. तिला दोष आम्हीच दिला, हिनं पथ्य पाळलं नाही म्हणून. पथ्य काय, तर तिनं एकदा ताक प्यायलं होतं.

बाटली उकळायला त्रास होतो, म्हणून मी अजूनही बाटलीच्या विरुद्धच आहे. बोंडल्यानं पाज, चोच असलेल्या त्या लहानशा वाटीनं. चांदीचं नसेल तर स्टीलचं मिळतं, धुवायला सोपं. घाईनं ओतू नकोस, मान उचलून धर, गालाच्या कडेनं थोडं थोडं सोड.

---

बालरोगवाला | मंगळवार, रात्री १०:४०

काकूंशी पूर्ण सहमत. बोंडलं किंवा वाटी-चमचा बाटलीपेक्षा केव्हाही बरा.

---

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ७:००

आता जरा कामाचं बोलतो. मूळ प्रश्न बारशाचा होता, तो सगळे विसरले.

माझ्या पोराच्या बारशाला हाच प्रसंग. कारण वेगळं होतं, बायकोच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं. मी एक केलं, बोंडलं माझ्या हातात घेतलं. बाप पाजत बसला की बायका "अगंबाई!" म्हणून त्याच्याकडेच बघत बसतात, आईला कुणी काही विचारत नाही. अर्धा तास मी सोलापुरातला सगळ्यात गुणी नवरा होतो. रात्री दोनचं आणि पाचचंही माझ्याकडेच होतं. वरच्या दुधाचा एवढा एक फायदा आहे, बापाला "मला कुठे येतं" म्हणायची सोय राहत नाही.

तुमचे मिस्टर कुठं आहेत?

---

नवी_बाळंतीण | बुधवार, दुपारी ३:१५

पुण्यात, नोकरी. शनिवारी येतील. धागा पाठवलाय त्यांना. "बोंडलं म्हणजे काय" असा उलट मेसेज आलाय.

---

उन्हाळी_पाऊस | बुधवार, रात्री ९:००

बारशाबद्दल. मी एकच वाक्य पाठ करून ठेवलं होतं: "जेवढं येतं तेवढं पाजते, बाकीचं वरचं देते." कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की उपाय येतात. ज्यांना खरंच कळावंसं वाटतं ते नंतर एकटे गाठून विचारतात, त्यांना सांग.

आणि "किती दिवस रेटायचं" याचं माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच बघ, पंपाला बसलीस की बाळ रडायला लागल्यावर तुला बाळाचा राग येतो का. मला यायला लागला होता. त्या आठवड्यात मी आठचे चार केले.

---

नवी_बाळंतीण | रविवार, रात्री ११:५०

झालं बारसं. लिहिते पटकन, हे पाजतायत तोवर.

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि ती भुकेनं रडायला लागली. मी उठले नाही, तिथेच पाळण्याजवळ बसून आधी छातीशी घेतली, पदर होताच. पंधरा मिनिटांनी हे बोंडलं घेऊन आले. मोठ्या आत्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "अगं, अंगावरचं पुरत नाही का?"

वाक्य पाठ होतं. तोंडातून निघेना. तेवढ्यात आई, जी आठवडाभर आतल्या खोलीचं म्हणत होती, हातातलं ताट न ठेवताच म्हणाली, "तिसऱ्या हिश्श्याचं येतं तिला. तेवढं पाजते. तुम्ही घुगऱ्या घेतल्या का?"

आत्यांनी घुगऱ्या घेतल्या. ह्यांनी अर्धं दूध स्वतःच्या झब्ब्यावर सांडलं, त्यावर सगळे हसले, आणि विषय तिथून ऊस आणि उजनीच्या पाण्याकडे गेला.

कारण कुणी विचारलं नाही. उपाय मात्र आलाच. संध्याकाळी आत्यांच्या मुलानं दोन किलो अळीव आणून दिले.

पंप चारवर आणलाय. नळी उद्या शिकायला जाणार आहे.

---

काकू_विजापूररोड | सोमवार, सकाळी ६:०५

नाव काय ठेवलं ते राहू दे, इथं लिहू नकोस. वजन किती झालं?

---

नवी_बाळंतीण | सोमवार, सकाळी ९:४०

आत्ताच करून आलो. ३.६५. आणि @कडकभाकरी, अळीव घेऊन जा.